बाटलीतले मामा

तीर्थरूप मामांच्या चरणी नमस्कार (साष्टांगच घातला असता, पण कंबर धरली आहे, कागदावर वाकलोय तेवढं गोड मानून घ्या). इकडे सगळं ठीक. मांजर काय म्हणते? तुमच्या तब्येतीचं विचारायची सोय नाही. फोनवर 'तपासणी' हा शब्द निघाला की तुम्ही फोन आपटता, म्हणून हे पत्र.

आमच्या विभागाला बीज निधी मिळाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मोठ्या संशोधनाला मोठी रक्कम देण्याआधी 'थोडं करून दाखवा' म्हणून देतात ते हे पैसे, आणि त्या थोड्याला म्हणतात पायलट स्टडी. (पायलट म्हटल्यावर तुम्ही बॅग भरून आलात, खिडकीजवळची जागा मागितलीत, आणि स्कॅनरच्या बोगद्यात आडवं झाल्यावर "अरे, उडणार कधी हे?" म्हणून ओरडलात, ते आमच्या तंत्रज्ञ बाई अजून येईल त्या पेशंटला सांगतात.) लहान मुलांना गुंगीचं औषध न देता झटपट मेंदूची चित्रं काढायची, ही आमची पद्धत. जमली तर पुढचे पैसे, नाही तर आम्ही सगळे घरी. निरोगी माणूस म्हणून पहिलं डोकं तुमचं घेतलं. तुम्ही मजेत घोरलात आणि चित्रं स्वच्छ आली.

आता खरी भानगड. यंत्र नीट चालतंय ना हे बघायला रोज सकाळी त्यात पाण्याने भरलेली, डोक्याएवढी प्लास्टिकची बाटली ठेवतात. तिला इंग्रजीत फँटम म्हणतात, आम्ही सरळ 'भूत' म्हणतो. "भूत पुसून ठेवा", "भुताला पाडू नका" असं दिवसभर चालतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. भुताचं चित्र म्हणजे एक करडा गोल, बस्स. मागे एका सकाळी त्या गोलात कवटी दिसली. डाव्या बाजूला खोक, लहानपणी माळ्यावरून पडलात तेव्हाची. मामा, पाण्याच्या बाटलीत तुम्ही होतात!

दुरुस्तीवाला म्हणाला, जुन्या चित्राचा अंश राहिलाय. त्याने सगळं पुसलं, बाटलीही बदलली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा हजर (हट्टीपणा कुठे जातोय). मी तर पोट धरून हसलो. पण मग कानामागे एक ठिपका दिसू लागला, जो तुमच्या खऱ्या चित्रात नव्हता. तो रोज थोडा वाढत गेला. जुना अंश वाढत नसतो, हे दुरुस्तीवाल्यालाही कळतं. त्याने आमच्याकडे फिरकणंच सोडलंय. विभागाच्या मोठ्या बाईंनी बजावलंय की निधी समितीपुढे यातलं अवाक्षर काढायचं नाही. मला भीती वाटते, मामा. एकदा या आणि पुन्हा आडवे व्हा. खिडकीची जागा नक्की देतो.

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात समिती येऊन गेली. भुताचं चित्र एकदम साफ. करडा गोल, ना कवटी ना ठिपका. पुढचे पैसे मंजूर. बाहेर सगळे टाळ्या वाजवताहेत.

पुन्हा ता. क. मी तेव्हापासून तुम्हाला फोन लावतोय. नुसता वाजतोय. पत्र पोस्टात टाकत नाही, घेऊन मीच निघालोय. वाटेतून पुन्हा लावीन. 'तपासणी' हा शब्द काढणार नाही, शपथ. फक्त उचला, मामा. उचला आणि आपटा.