कापलेल्या कडा

बाबा, “कोपरा मुडला की ताव बाद,” हे तुमचं वाक्य आज पुन्हा आठवलं आणि तेव्हाइतकाच राग आला. कागद कारखान्यात तुम्ही ताव तपासायचात आणि घरी येऊन आम्हाला. पोळीची कड, माझी वेणी, आईचं हिंदी मिसळलेलं बोलणं, सगळ्यात तुम्हाला खोट दिसायची.

सातवीत मी च्युइंगमच्या पुडीतून निघणारी क्रिकेटपटूंची कार्डं जमवायचे. इतवाऱ्यातल्या दुकानापाशी मैत्रिणीशी अदलाबदल करायची आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. हाताळून कोपरे मऊ पडलेले. माझ्या वाढदिवसाला तुम्ही तो डबा कारखान्यात नेलात आणि कटरवर सगळी कार्डं चारही बाजूंनी कापून आणलीत. “घे. आता कशी एक नंबर दिसतायत!” मी रडायला लागले. “हिला कदर आहे का कशाची?” तुम्ही आईला म्हणता. आई म्हणते, “पोरीला विचारलं होतं का? बडे आए काटनेवाले!” तुम्ही ताट ओढून जेवायला बसता.

काही महिन्यांपूर्वी माझ्या मुलीला तो डबा सापडला. “मम्मी, ग्रेडिंगला भेज ना. नंबर चांगला आला तर भाव कितीतरी वाढतो.” ग्रेडिंगवाली माणसं भिंगातून कोपरे, कडा, ओरखडे बघतात, दहापैकी नंबर देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. मी दोन पाठवली. एक तुम्ही कापलेलं, करकरीत. दुसरं त्या वाढदिवशी भूगोलाच्या पुस्तकात राहिल्यानं कटरपासून वाचलेलं. कोपरा मुडलेला, वर चहाचा डाग. आज ती परत आली. डागवाल्याला दहापैकी दोन मिळाले. कापलेल्याला नंबरच नाही. शेरा होता, ‘कडा कापलेल्या.’ मुडलेल्याला थोडी तरी किंमत असते, मुलगी म्हणाली, कापलेलं ते मोजतच नाहीत.

तो शेरा मी ओट्यापाशी उभ्यानं चारदा वाचला. तुमच्याहून कडक नजरेची माणसं आहेत, बाबा, आणि त्यांनीसुद्धा मुडलेला कोपरा बाद केला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले होते. आज वाटलं, थोडं भांडायचं राहिलं.

हे पत्र त्याच डब्यात राहील. काल मुलीच्या चित्राची वाकडी कड मी कात्रीनं सरळ केली, तिला न विचारता. ती चित्र उचलून आत गेली. तिची माफी मी मागेन. पण त्याआधी तुम्ही एकदा म्हणा, की कार्डं होती तशीच चांगली होती. म्हणणार नाही तुम्ही, मला माहीत आहे. तरी म्हणा.