माळाचा तुकडा रंजीताच्या नावे

हे लिहायला फार उशीर केला, त्याची घरातल्या सगळ्यांची आधी माफी मागतो. मृत्युपत्र लिहिलं की माणूस लगेच जातो, असं उगाच वाटत राहतं.

मी, बबन सखाराम गावंडे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, शिक्षण सातवी नापास, राहणार धनज, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या दबावाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या गोळ्या बीपीच्या आहेत, डोक्याच्या नाहीत, याची नोंद घ्यावी.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते पत्नी तुळसाबाईचं. ती असेपर्यंत तिला कोणी मागच्या खोलीत राहायला सांगू नये.

२. वडिलोपार्जित काळं वावर, बैलगाडी व सगळी अवजारं मुलगा गणेश याची. मुलगी रंजीता हिने वावरावरचा हक्क सोडल्याची सही मागेच दिली आहे. आमच्याकडे बहिणी अशी सही करतात आणि साडीचोळी घेऊन जातात. हिने साडीही घेतली नाही. म्हणाली, "साडी राहू द्या बाबा, मले माळावर काम करू द्या."

३. तो माळ मी स्वतःच्या कमाईतून घेतलेला आहे, त्यामुळे तो कोणालाही देण्याचा मला अधिकार आहे. जमीन मुरमाड, गवताशिवाय काही येत नाही. रंजीताने कॉलेजात असताना त्याचे दोन भाग केले. एक भाग दर उन्हाळ्यात पेटवायचा, दुसरा कधीच पेटवायचा नाही, आणि कुठे कोणतं गवत टिकतं, तणमोर पक्षी कुठे अंडी घालतो, ते बघायचं. आता ती बंगलोरला शास्त्रज्ञ आहे, तरी दरसाल येऊन हे काम करत होती.

४. तिच्या पहिल्या लेखावर तिच्या मोठ्या सरांनी स्वतःचं नाव आधी टाकलं आणि तिचं शेवटी. ते सर माळावर एकदाच आले आणि कुसळं लागतात म्हणून धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, परत गेले. माझ्या तेरवीला आले तर त्यांना पोटभर जेवू घालावं, पण पहिल्या पंगतीत बसवू नये.

५. पुढचे लेख तिच्या एकटीच्या नावावर आले. एकदा ती आनंदाने म्हणाली, "बाबा, बाहेरदेशातल्या लोकायनं त्यायच्या लेखात माह्यं नाव घेतलं." मी घाबरलो. गावात कागदावर कोणी आपलं नाव घेतलं तर पुढे पोलीसच येतात. मी विचारलं, "कायले घेतलं? तू काय केलं त्यायचं?" तुळसा म्हणाली, "नोटीस नाई आली ना अजून? मंग जेवून घ्या." नंतर रंजीताने समजावलं, की तिने जे शोधलं त्याच्या आधारावर ते लोक पुढचं शोधतात, आणि जितके लोक असं नाव घेतात तितकं तिचं काम मोठं धरतात. तेव्हापासून मला वेगळीच काळजी लागली. इतक्या लोकांचा आधार आमच्या माळावर, आणि माळाला साधं कुंपणही नाही.

६. गेल्या वैशाखात ती येणार होती. गणेशने धुरे पेटवताना तिचा न पेटवलेला भागही पेटवून दिला. आमच्याकडे पेरणीआधी धुरा जाळून साफ करतात. ज्याचा राहिला त्याला लोक आळशी म्हणतात. बहिणीला माळ स्वच्छ दिसावा एवढंच त्याच्या मनात होतं. ती आली तेव्हा हसत म्हणाला, "पाह्य ताई, कसा चकाचक करून ठेवला!" ती काळ्या राखेत उभी राहिली. "काहून रे गणेश..." एवढंच बोलली. संध्याकाळच्या गाडीने गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही. गणेश कोणाशी नीट बोलत नाही. त्याला या कलमावरून कोणी टोचून बोलू नये.

७. हा संपूर्ण माळ मी रंजीताला देतो. त्यात नांगर घालायचा, की जाळायचा, की तसाच ठेवायचा, ते तिने ठरवावं. तिने नको म्हटलं तर तो गणेशला जाईल, आणि तो तिथे गाळ टाकून हळद लावील. त्यात त्याची चूक नाही, त्यालाही लेकरं आहेत.

रंजीता, माझी भीती एकच आहे. जळालेली जमीन तुझ्या कामाची राहिली की नाही, हे आम्हाला कोणालाच कळत नाही. ज्यांनी तुझं नाव घेतलं त्यांचं काम आता खोटं ठरतं का, तेही कळत नाही. पावसानंतर तिथे गवत आलं आहे, पण ते जुनंच आहे की दुसरं, ते तुलाच ओळखू येईल. गणेशने तिकडे ढोरं सोडलेली नाहीत. विचारलं तर म्हणतो, "ताईले पाहू द्या आधी." या कागदाचा फोटो आजच तुझ्या मोबाईलवर पाठवतो आहे. सोमवारी आम्ही कारंजाला नोंदणीला जाणार आहोत. नको असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण हो की नाही, ते त्याआधी कळव. मला फोन करणं तुला नाही जमलं तर गणेशलाच कर.

साक्षीदार:
१. पूनमचंद हिरालाल संगई, दुकानदार, कारंजा (सही)
२. सोमला धनसिंग राठोड, धनज (अंगठा)

लिहून देणार: बबन सखाराम गावंडे (सही)
ठिकाण: धनज
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५