आडव्या रेघा

सोमवार, ६ तारीख

…दूध उतू जाता जाता राहिलं, केर काढला, ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसली, आणि जुन्या चांदीचं आमचं दुकान उघडून चमचे पुसायला बसले होते. रोजचीच सकाळ. तेवढ्यात भावोजींनी माझ्यापुढे चांदीचं एक जुनं तबक आपटलं.

"वहिनी, ह्यावरचं घराण्याचं चिन्ह वाचा आणि चिठ्ठी लिहून द्या. त्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या आजोबांच्या घरचं आहे."

आहे! वाचायच्या आधीच आहे! मग मी कशाला, शोभेला?

वाचलं. ढालीवर बगळा. इथवर ठीक. पण ढाल आडव्या रेघांनी भरलेली. चांदीवर रंग चढत नाही, म्हणून कोरणारे रेघांनी रंग सांगतात — उभ्या म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा. घराण्यांच्या चिन्हांच्या कोशात बाईंच्या घराण्याची ढाल लाल आहे. हे तबक त्यांचं नाही.

"एका रेघेनं काय बिघडतं?"

म्हटलं, तुमच्या नावापुढे बापाऐवजी शेजाऱ्याचं नाव लावलं तर बिघडतं का? भावोजींचं तोंड एवढंसं झालं.

मंगळवार, ७

चिठ्ठी दिली नाही. देणारही नाही!

बुधवार, ८

बाई स्वतः आल्या. तबकावरून बोट फिरवत राहिल्या. आजोबांचं घर सामानासकट विकलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या. "एवढं एक तरी परत आलं," म्हणाल्या. "तुम्ही लिहून दिलंत की मी निर्धास्त." भावोजी मागे उभे राहून मान डोलवत होते — नंदीबैल!

म्हटलं, शुक्रवारी या. तिथंच का नाही सांगून टाकलं? भित्री मेली मी!

गुरुवार, ९

सकाळी तबकावर तोंडाची वाफ सोडली. घासून काढलेलं जुनं कोरीव काम कधी कधी वाफेत दिसतं. दिसलं — ढालीखाली कुणाच्या तरी नावाची दोन अक्षरं. तिथला पत्राही पातळ, अंगठ्यानं दबतो. जुनं घासून वर नवं कोरलंय.

भावोजींना विचारलं, कुणाचे हे उद्योग? आधी "मला काय ठाऊक." मग चिडून — "दादानंच कोरलंय! शेवटच्या वर्षी. जा, विचारा त्याला!"

तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाच्या नावावर पावती फाडतात! सख्खा भाऊ! हे आयुष्यभर लोकांची नावं कोरत आले, ढालीच्या वाटेला गेले नाहीत. अशी ओरडले की शेजारच्या शिंपिणीनं मशीन थांबवलं.

घरी आले. ह्यांनी कोरलं असतं तर रेघा चुकल्या नसत्या, घरात माझी वही होती. भावोजींना हा पुरावाच दाखवावा म्हणून ती पहिली वही काढली. चौथी शिकलेली मी. ह्यांच्या शेवटच्या वर्षात कोश उघडून एकेक शब्द लावत मी ही चिन्हं वाचायला शिकले, तेव्हाची. पहिल्याच पानावर, माझ्याच अक्षरात — लाल : आडव्या. निळा : उभ्या.

उलटं! चूक कळली तोवर हे गेले होते. मग खोडलंय.

आणि आठवलं. हे कोरकामाच्या बाकावरून विचारत होते, "लाल कसा गं दाखवतात?" मी भांडी विसळता विसळता सांगितलं, "आडव्या रेघा." "बायको हुशार निघाली की!" म्हणून हसले होते.

ही चूक कुठल्या पुस्तकात नाही. फक्त माझ्या वहीत होती, आणि ह्यांच्या हातात.

मला वाटलं, माझं कौतुक म्हणून विचारतायत. दोन वर्षं त्या एका वाक्यावर जगले मी! आणि आता भांडायचं कुणाशी? फोटोशी?

शुक्रवार, १०

बाई आल्या. भावोजींच्या देखत चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. लिहिलं — ढाल नवी आहे, तुमच्या घराण्याची नाही. कोरली माझ्या नवऱ्यानं. रेघा चुकीच्या सांगितल्या मी. खाली सही केली, पूर्ण नावानं, मध्ये ह्यांचं नाव घालून.