कढईची पाळी

काकू, तुम्ही गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमच्या कोथरूडच्या फराळाच्या स्वयंपाकघरात शिकले, आणि आता वारज्यात माझं स्वतःचं तसंच स्वयंपाकघर आहे. हाताखाली सात-आठ बायका आहेत, आणि सध्या दिवाळीआधीची धांदल चालू आहे.

तुमचा नियम मी इकडे जसाच्या तसा आणला होता. मोठ्या कढईसमोर कोणी दिवसभर उभं राहायचं नाही, पाळी बदलायची, आणि पहिली पाळी मालकिणीची. तुमची सून नवी आली तेव्हा आम्ही धरून चाललो होतो की ही पंख्याखाली डबे भरणार. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात झारा होता. इथे फार उकडतं म्हणाली, तर चकली उलटता उलटता तुम्ही म्हणालात, "पंख्याखाली तळता आली असती, तर मी पलंगावर बसून तळली नसती का?" आम्ही पदरात तोंड लपवून हसलो. त्या संध्याकाळी काम उरलं होतं. तुम्ही कोणालाच थांबा म्हणाला नाहीत, तरी एकही बाई उठेना. मला मात्र तुम्ही हाकललंत, पोर तापाने फणफणलीय आणि तू इथे काय करतेस म्हणून. दुसऱ्या दिवशी मी न सांगता लवकर आले होते.

यंदा माझी भाची हाताशी आली. तिला मी फोनवरच्या ऑर्डरी घ्यायला बसवलं, पंख्याखाली. तिच्यावर लक्ष ठेवायच्या निमित्ताने मीही तिथेच बसू लागले.  मग बायका सहा वाजले की हात धुऊन निघायच्या, भिजवलेलं पीठ तसंच टाकून. एका कंपनीची मोठी ऑर्डर शनिवारी द्यायची होती. ती चुकली असती तर त्यांनी पुन्हा विचारलं नसतं. मी गोड बोलून थांबा म्हटलं, तर सगळ्यांच्याच घरी एकदम पाहुणे आले.

मग शुक्रवारी सकाळी मी आधी कढईसमोर उभी राहिले. माझ्यानंतर भाची. तिच्या हातावर तेल उडालं, ती रुसली. आमच्यातली सगळ्यात फटकळ बाई तिच्या हातावर पाणी ओतत म्हणाली, शिकेल हळूहळू. सहा वाजले. सोऱ्या फिरतच राहिला. मी पुन्हा झारा घ्यायला गेले, तर त्याच बाईने तो सोडला नाही.

"तुमची पाळी झाली, ताई. बसा आता."

ऑर्डर वेळेवर गेली. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात. तुमच्यानंतर मला बस असं कोणी म्हटलं नव्हतं, काकू. मी बसले आणि डोळे भरून आले. बायकांनी विचारलं तेव्हा तिखट गेलं म्हणाले. त्यांना ते पटलं नसावं.