समोरच्या काकांचे एकतीस डबे

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, धंदा फोटोग्राफी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कुणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही, आणि हा कागद मी आमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून, दोनदा कच्चा करून, मग पक्का लिहिला आहे. सोमवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले नव्व्याण्णव जण तिसऱ्या दिवशी घरी जातात. मी शंभराव्याबद्दल विचारलं, तर ते हसले. दादा (तो मला इन्स्पेक्टर म्हणतो) म्हणाला, "इन्स्पेक्टर, खडे काढायला चाललीयस की लढाईला?" पण शंभरावा कुणीतरी असतोच, आणि त्याने काही लिहून ठेवलेलं नसलं की मागच्यांचे हाल होतात. याआधीचं मृत्युपत्र (अकराव्या वर्षी शाळेच्या वहीत केलेलं) रद्द समजावं.

कलम १. या कागदाप्रमाणे सगळं पार पाडण्याचं काम मी आत्याकडे सोपवते. घरात गोष्टी वेळेवर करणारी ती एकटीच आहे.

कलम २. घर बाबांचं आहे, माझं त्यात काही नाही. बँकेत जी शिल्लक असेल ती आईला. तिने ती घरखर्चात घालू नये, स्वतःच्या दातांवर घालावी. दोन वर्षं ती एकाच बाजूने चावते आहे आणि कुणाला सांगत नाही.

कलम ३. रिटचिंगचे तीन ब्रश आत्याला परत. ते तिचेच आहेत. आठव्या वर्षापासून मी तिच्या शेजारी बसून छापलेल्या फोटोंवरचे धुळीचे पांढरे ठिपके भरत असे. आत्या चेहऱ्यांवरचे डाग घालवायची, पण सगळे कधीच नाही. एका बाईच्या हनुवटीवरचा व्रण तिने तसाच ठेवला. मला वाटलं नजरचुकीने राहिला, म्हणून दाखवला. आत्या म्हणाली, "अगं, तिच्या आईला ओळखू यायला नको का?" आजही दुसऱ्याचा फोटो हातात आला की त्याने काय घालवलं याच्याआधी काय ठेवलं ते मी बघते. हे तिचं देणं मला फेडता येणार नाही, ब्रश देऊन तर नाहीच.

कलम ४. मोठा कॅमेरा, दोन लेन्सा आणि ट्रायपॉड दादाला. तो लग्नांची कामं करतो, त्याला उपयोग होईल. मी दहावीत असताना त्याने डार्करूमचं दार न वाजवता उघडलं, माझा फोटो छापायच्या कागदाचा अख्खा गठ्ठा उजेडात घालवला आणि बाबांना सांगितलं, "तिनेच कडी लावली नव्हती." कडी लावली होती. ती सैल होती. मी त्याला माफ केलं आहे, पण नोंद असावी. हेही नोंदवते की माणसं नाचत असताना नेमक्या क्षणी बटण दाबावं ते दादाने. हे त्याला तोंडावर सांगू नये, फुगतो.

कलम ५. कात्रणांच्या चार वह्या दादाच्या मुलीला, ती दहा वर्षांची झाल्यावर. वर्तमानपत्रं, जुनी कॅलेंडरं, औषधांच्या जाहिराती, जिथे चांगला फोटो दिसला तिथून मी तो कापला आहे. बहुतेकांखाली फोटोग्राफरचं नाव छापलेलं नाही. आमच्याकडे बाबांचा नियम होता. दुपारी जेवताना ताटाशेजारी कुणाचा तरी फोटो ठेवायचा आणि मला विचारायचं, "हा उभा कुठे होता?" मग उजेड कुठून येतो, हा गुडघ्यावर बसला होता की जिन्यावर चढला होता, कशासाठी थांबला होता, हे मी सावल्यांवरून सांगायचं. उत्तर बरोबर आलं की बाबा उठून खोलीत तशाच जागी तसेच उभे राहायचे, आणि आई म्हणायची, "आधी हात धुवा." एका कात्रणात टेलिफोनच्या खांबावर चढलेल्या कामगाराच्या बुटाचा तळ दिसतो, मागे नुसतं आभाळ. तो तळ तसा दिसावा म्हणून कुणीतरी रस्त्यावर, बहुधा चिखलात, उताणं झोपलं होतं. ते कोण, मला कधीच कळणार नाही. पण अंग चोरून फोटो काढायची वेळ आली की मला तो चिखल आठवतो आणि मी खाली बसते. उत्तरं प्रत्येक वहीच्या शेवटी आहेत. वह्या देण्याआधी आत्याने ती पानं शिवून टाकावीत.

कलम ६. ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते आता लिहिते. बाबा, हे तुमच्यासाठी आहे.

कापड कारखान्यातल्या कामगारांचा वार्षिक ग्रुप फोटो बाबांनी अकरा वर्षं काढला. बाराव्या वर्षी मॅनेजरने ते काम रस्त्यापलीकडच्या स्टुडिओला दिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या फोटोग्राफरचं नाव घेतलेलं नाही. तो "समोरचा". तरीही बाबांनी एका कामगाराकरवी त्या फोटोची एक प्रत मिळवली आणि एका दुपारी ती ताटाशेजारी ठेवली. मी चौदा वर्षांची होते.

चौऱ्याऐंशी माणसं, तीन रांगा. एकही जण कॅमेऱ्याकडे बघत नाही, आणि सगळे मिळून दुसऱ्या एका दिशेलाही बघत नाहीत. प्रत्येकाचं तोंड वाक्याच्या मध्यावर आहे. बाबा म्हणाले, "कॅमेरा मधोमध, छातीच्या उंचीवर. ते सोड. पण हा स्वतः कुठे होता? कॅमेऱ्यामागे असता तर निदान दहा जणांनी याच्याकडे बघितलं असतं." मी तीन जागा सांगितल्या, एकही बसेना. बाबांचा हात ताटात तसाच वाळला. मग म्हणाले, "मलाही कळत नाही. पण असा फोटो मला जमला नसता." फोटो त्यांनी कागदांच्या खणात सगळ्यात खाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी रस्ता ओलांडला.

समोरचे काका म्हणाले, "तू त्याची ना? त्याने पाठवलं?"

"नाही."

"मग बस."

त्यांनी एक लांब रबरी नळी दाखवली. एक टोक कॅमेऱ्याला, दुसऱ्या टोकाला फुगा. फुगा दाबला की फोटो निघतो. मग त्यांच्याकडच्या प्रतीवर बोट ठेवलं. "तिसरी रांग, उजवीकडून सहावा. हा उंच माणूस आहे ना, त्याच्यामागे कान दिसतो? तो माझा. मी त्यांच्यातच उभा होतो. कामाच्या पहिल्या दिवशी फाटकाशी कोण कोण रडलं होतं, ते विचारत होतो."

बाबा, तो फोटोच्या बाहेर नव्हताच. तो आत उभा होता.

त्यानंतर तेरा वर्षं, दर मंगळवारी, तुम्ही सामान आणायला गेलात की मी समोर जात आले. चोरून. चार वर्षांपूर्वी लाँड्रीतल्या बायकांच्या माझ्या फोटोला बक्षीस मिळालं, तुम्ही तो काचेत लावलात आणि मला विचारलंत, "उभी कुठे होतीस?" मी म्हटलं, "दारात, स्टुलावर." तुम्ही "शाब्बास" म्हणालात. ते खोटं होतं. मी बाकावर बसले होते, डावीकडून तिसरी. पाठ आणि वेणी दिसते ती माझी. रिमोट मांडीवर रुमालाखाली होता. त्या फोटोच्या मागे "पद्धत समोरच्या काकांची" असं लिहून मगच तो पुन्हा लावावा. आयुष्यात तुम्हाला इतर काही खोटं सांगितलं असेल तर ते मला आठवत नाही. हे मात्र रोज आठवतं.

कलम ७. मागच्या खोलीच्या माळ्यावर "फाटलेले पडदे" अशी चिठ्ठी लावलेली तीन खोकी आहेत. त्यांत पडदे नाहीत. काकांच्या चाळीस वर्षांच्या निगेटिव्हज् आहेत, बिस्किटांच्या एकतीस डब्यांत. त्यांचा मुलगा स्टुडिओत मोबाईलची कव्हरं विकू लागला, तेव्हा हे डबे भंगारात चालले होते. मी ते आठ खेपांत इकडे आणले. वाचनालयात विचारलं, तर ते म्हणाले, माणसांची नावं असतील तर घेऊ. नावं फक्त काकांना ठाऊक, आणि त्यांची नजर जात चालली आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने वर्षभरात उजेड-अंधार एवढंच कळेल. आम्ही मोठे प्रिंट काढून, भिंगाखाली धरून, चार डबे संपवले आहेत. त्यातही दर दहा चेहऱ्यांमागे तीन वेळा काका म्हणतात, "हे तुझ्या बाबाला विचार. ही माणसं त्याची. माझ्याकडे एकदाच आली." आणि पुढे म्हणतात, "पासपोर्ट फोटोत माणूस चोर दिसू नये, हे फक्त तुझ्या बाबाला जमतं. माझ्या बायकोचा काढायची वेळ आली तेव्हा मी तिला तुमच्याकडे पाठवली होती."

मी खूप विचार केला. दादाला दिले तर तो स्कॅन करेल, पण चेहरे त्याला अनोळखी. हे चेहरे ओळखणारी दोनच माणसं आहेत, आणि ती रस्त्याच्या दोन बाजूंना बसतात. म्हणून हे सर्व डबे मी बाबांना देते. अट एकच: नावं काकांच्या शेजारी बसून लिहावीत. मान्य नसेल तर डबे आत्याकडे जावेत, पण मग नावं जातील. बाबा, रागवायचं तर माझ्यावर रागवा. डबे फेकू नका.

कलम ८. वाचून दाखवल्यानंतर, त्याच दिवशी, वकीलताईंच्या हरकतीसह जोडलं आहे.

शनिवारी सकाळी स्टुडिओत घरचे सगळे, वकीलताई आणि दोन साक्षीदार, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर आणि शेजारचे फ्रेमवाले, बसले असताना मी हे वाचलं. सहाव्या कलमाशी मी कागद वकीलताईंकडे सरकवला. पुढचं त्यांनी वाचलं. आई एवढंच म्हणाली, "अगं, तेरा वर्षं?" बाबा उठले, खण उघडला, फोटो काढला, भिंग घेतलं आणि खिडकीशी गेले.

भिंग एकेका रांगेवरून सरकत होतं. फ्रेमवाले म्हणाले, "मी दुकान उघडं टाकून आलोय."

"थांबा हो," बाबा म्हणाले. मग मला, "हा कान?"

"हो."

"त्याचाच आहे. रोज शटर उघडताना बघतो मी हा कान." पुन्हा भिंग लावलं. "मग नळी कुठंय?"

"कसली?"

"कॅमेरा इथे, हा तिसऱ्या रांगेत. पुढची जमीन बघ, कोरी करकरीत. नळी गेली कुठे?"

"मी… विचारलं नाही."

"तेरा वर्षं गेलीस आणि हे विचारलं नाहीस?"

मला एवढीच बोलणी बसली. बाबांनी चपला घातल्या, फोटो हातात घेतला आणि रस्ता ओलांडला. आम्ही सगळे दारात उभे. दादा म्हणाला, "कुणीतरी मागोमाग जा रे." कुणी गेलं नाही. वीस मिनिटांनी बाबा समोरच्या पायरीवर आले आणि तिथूनच ओरडले, "माती! नळीवर माती ओढली होती! या सगळे इकडे. आणि एक डबा आण, न उघडलेला."

आम्ही गेलो. काका मला म्हणाले, "इतक्या वर्षांनी आला, तर नमस्कार नाही, कसा आहेस नाही. आल्या आल्या काय, तर नळी कुठंय?"

"मग काय विचारायचं होतं?" बाबा म्हणाले. "कान बरा आहे का?"

वकीलताईंनी आठवण करून दिली की मृत्युपत्रातलं कलम मृत्यूनंतर लागू होतं. बाबा म्हणाले, "ही म्हातारी होऊन जाईपर्यंत थांबू? याची नजर थांबणार आहे का?" वकीलताई म्हणाल्या, जिवंतपणी दिलं तर ते बक्षीसपत्र होतं, त्याचा कागद वेगळा. बाबा म्हणाले, "तो कागद तुम्ही बघा. डबे आम्ही बघतो."

म्हणून लिहिते की कलम ७ माझ्या मरणासाठी अडवून ठेवू नये. ते आजपासून लागू आहे, सोमवारी काहीही झालं तरी. पाचवा डबा उघडला आहे; प्रिंट अजून नाहीत, बाबा पट्टी उजेडाला धरून काकांना चेहरे सांगतात. पहिल्या पट्टीवरच्या दोघांची नावं बाबांना आली, तिसऱ्याचं काकांना. चौथ्यावरून भांडण चालू आहे.

वरील सर्व मी पुन्हा वाचलं, खाडाखोड नाही, असल्यास माझीच आहे.

सही: माझी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही करणारी शुद्धीवर आहे, असं त्यांनी तपासून सांगितलं.

साक्षीदार दुसरे: फ्रेमवाले. उभ्याउभ्या सही केली.

दिवस: शनिवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारी सव्वा वाजता.

ठिकाण: समोरचं दुकान, मोबाईल कव्हरांचं काउंटर.