घंटागाडीचं औषध

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही बोलले न्हाईत.

आत्याला, म्हणजे माझ्या सासूला, जाऊन आठ महिने झाले. तवापासून मामा खुर्चीत बसून भिंत बघून राहिलेत. माझे सासरे म्हणजे मोंढ्यात तीस वर्षं हळदीचा लिलाव पुकारलेला माणूस! आता पाणी पायजे तरी बोटानं दाखवतात. जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. मला भ्या वाटून राहिलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. रोज गाणी ऐकवा, संगीतानं मन मोकळं होतं. पंधरा दिवसांनी दाखवा."

गाणार कोण? मी तर न्हाईच. माझा गळा म्हणजे बिनतेलाचं चाक, आत्याच म्हणायची. अन् वर म्हणायची, "गा ग ज्योती, मला हसायचंय." आता घरात आवाज म्हणून मिक्सरचा तेवढा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मोबाईलवर बासरी लावली. मनःशांतीसाठी, एक तास. दहाव्या मिनिटाला आमचे हे घोरायला लागले. मामांनी कानावर उशी घेतली.

५ नोव्हेंबर, बुधवार

सनई लावली. शेजारची रूपाबाई पळत आली — "कुणाचं लग्न ठरलं?" चहा करावा लागला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी गल्लीत घंटागाडी आली, तिचं ते ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं वाजवीत. मी ओट्याजवळ कणीक मळून राहिले होते. बघते तर मामा उठले. हिरवी बादली उचलली. चप्पल घातली. आठ महिन्यांनी आपणहून उंबरा ओलांडला! कणकेच्या हातानंच ह्यांना फोन लावला. फोन अजून पांढरा हाय.

बासरी न्हाई, सनई न्हाई, कचऱ्याचं गाणं. असू दे. लागू पडल्याशी मतलब.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परत गेले. आज दोन्ही बादल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

कचरा संपला. तीन माणसांचा कचरा तो किती असणार? ह्यांना सकाळी सहा केळी खायला लावली. चौथ्या केळाला म्हणाले, "काहून जीव घेऊन राहिलीस?" म्हणलं, तुमच्या वडलांसाठी खा. खाल्ली बिचाऱ्यांनी.

१० नोव्हेंबर, सोमवार

रूपाबाईकडं कचरा मागितला. ती म्हणली, "साखर मागणारी बघितली, विरजण मागणारी बघितली. कचरा मागणारी तूच." मग कारण सांगितलं. तर बाईनं मटाराच्या सालपटांची भरून पिशवी दिली. देता देता म्हणते, "अन् सकाळी पोळ्या करताना कण्हतीस काहून ग? भिंतीतून ऐकू येतं. पोट दुखतं का?"

मी कशाला कण्हू? तिचेच कान तपासायला पायजेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मामा बोलले. गाडीवाल्या भिवाजीदादांना — "ह्यात काच हाय. येगळी टाका, हात कापंल."

मी दाराआड उभी राहून रडले. तवर भाजी करपली. उद्याच्या बादलीची सोय झाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मामांनी आज अख्ख्या गल्लीचा कचरा तपासला. समोरच्यांच्या ओल्यात सुका निघाला. मोंढ्यातल्या आवाजात नाव घेऊन पुकारलं. समोरचे आता आमच्याशी बोलत न्हाईत. आमचे मामा बोलून राहिलेत, बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

दुपारी दीड भाकरी खाल्ली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घंटागाडीचा भोंगा बिघडला. गाडी मुकी! मामा परत खुर्चीत बसले तर? डॉक्टरांना काय सांगू, औषध नादुरुस्त हाय म्हणून?

काय करावं ते सुचेना, म्हणून पोळ्या लाटत बसले. अन् मामा बराबर टायमाला उठले. बादल्या घेऊन निघाले. गाणं न्हाई, घंटा न्हाई, मामांना कळलं कसं?

१६ नोव्हेंबर, रविवार

भोंगा अजून मुकाच. मामा तरी गेले. हे म्हणाले, "सवय झाली असंल." असंल बाई.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पंधरा दिवस झाले, मामांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गाण्यानं फरक पडला? मी घंटागाडीचं नाव घेणार, तवर मामाच बोलले —

"गाडीचं गाणं मला बिलकूल आवडत न्हाई, साहेब. पर ते ऐकून ही ओट्याजवळ गुणगुणायला लागली. पार बेसूर. हिची सासू गेली तवापासून हिचा आवाजच बंद होता. मी बादली उचलली की अजून जोरात गाते, म्हणून उचलत होतो. आता गाडी मुकी झाली तरी गाते. तिला ठावंच न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघून राहिले. मग त्यांनी नवा केसपेपर काढला अन् माझं नाव विचारलं.