व्हीपीएन मी बंद केला होता

वहिनी,

तू इथे मुलुंडला आहेस हे दादाला कसं कळलं, असं काल तू विचारलंस आणि मी विषय बदलला. चूक माझी आहे गं.

सोमवारी तुझ्या हाताचं प्लास्टर काढायची अपॉइंटमेंट घेत होते. आपण कुठून इंटरनेट वापरतोय ते लपवणारा तो व्हीपीएन चालू असला की हॉस्पिटलची साइट उघडतच नाही, म्हणून तो बंद केला आणि परत लावायला विसरले. लॅपटॉपवर तुझा मेल उघडा होता. त्याचा पासवर्ड दादाला माहीत आहे, त्यामुळे मेल कुठून उघडलाय त्या यादीत त्याला 'मुंबई' दिसलं. लगेच मला फोन, "मालन तुझ्याकडेच आहे ना?" मला पटकन खोटं बोलता आलं नाही.

आधी मेलचा पासवर्ड बदल. हॉस्पिटलची साइट यापुढे दुसऱ्या ब्राउझरमधून उघड. तेवढाच व्हीपीएनच्या बाहेर ठेवलाय, बाकी सगळं झाकलेलं राहील.

पोहे झाकून ठेवलेत. दार कुणालाही उघडू नकोस.

दादा इकडे यायच्या आत मीच नाशिकला त्याच्याकडे जातेय. तू माझ्याकडेच राहणार आणि या घरात त्याने पाऊल टाकायचं नाही, हे त्याला तोंडावर सांगते. फोनवरच सांगायला हवं होतं.

गंधाली